सहाव्या वर्षीची दाढ

बालकाचा पहिला दात पडला की घरात कौतुक होते. आजी तो कौलांवर टाकायला सांगते आणि सारे नव्या दाताची वाट पाहू लागतात. परंतु त्याच सुमारास, साधारणतः सहाव्या वर्षी, जबड्यात अगदी मागे चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. म्हणून त्यांचे आगमन बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही. या दाढा मात्र कायमच्या असतात.

एका व्यापारी कुटुंबातील आठ वर्षांच्या कन्येची अशीच एक दाढ किडली. ‘दुधाचीच आहे, पडेल आपोआप,’ असे म्हणत घरच्यांनी सणासुदीचा हंगाम काढला. वेदना असह्य झाल्यावर तिला दंतवैद्याकडे नेले, तेव्हा दाढ काढावी लागली आणि तिच्या जागी दुसरी येणार नाही, हे उमगले. दोन रुपयांची तफावत सापडल्याशिवाय रोजमेळ न मिटणाऱ्या त्या घरात ही तूट मात्र कोणाच्या नजरेस आली नव्हती.

दुधाचे दातही उपेक्षणीय नाहीत. एकूण वीसांपैकी मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि कायमच्या दातांची जागा राखतात. त्या अकाली गेल्या, तर शेजारचे दात सरकतात व नवे वाकडे येतात.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा खाल्ली, हे अधिक महत्त्वाचे. प्रत्येक वेळी तोंडातील जंतू तिचे आम्ल बनवतात आणि लाळेला ते निवळण्यास अर्धा तास किंवा अधिक लागतो. गल्ल्याजवळची गोळ्यांची बरणी, पाहुण्यांचे चॉकलेट यांमुळे दातांना उसंतच मिळत नाही. प्रभावनेत मिळालेली मिठाई आदराने घ्यावी. पण मुलाला ती जेवणाबरोबर द्यावी.

चउविहार पाळणाऱ्या घरांत रात्री खाणे नसते, हा दातांना मोठाच लाभ आहे. मात्र अन्नकण तोंडात राहिले तर तो लाभ वाया जातो. म्हणून सायंभोजनानंतर, पच्चक्खाण घेण्यापूर्वीच मुलांचे दात घासून द्यावेत. तान्ह्या बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.

तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत घासण्याचे काम मोठ्यांनी हाती ठेवावे. हिरडीलगत पांढुरके डाग दिसले, तर ती किडीची सुरुवात असू शकते; वेळीच उपाय केल्यास ती थांबते. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास दंतवैद्याची पहिली भेट व्हावी. सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचा लेप देऊन बुजवता येतात. त्यात वेदना नसते आणि खर्चही पुढच्या उपचारांपेक्षा पुष्कळ कमी असतो.

मूल सहा वर्षांचे झाले की त्याला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगावे आणि शेवटची दाढ पाहावी. तिला जन्मभर काम करायचे आहे.