रक्ताचा ताळमेळ

दिवा हे मध्य रेल्वेवरील एक गजबजलेले जंक्शन. मुंब्रा आणि डोंबिवली यांच्या मधल्या या स्थानकातून एक मार्ग वसईकडे, तर दुसरा पनवेलकडे फुटतो. पहाटेपासून फलाटावर उभी राहणारी गर्दी हीच या उपनगराची खरी ओळख. त्या गर्दीतून रोज सुखरूप घरी परतणे ही येथील घराघरांतील मूक प्रार्थना असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ भरगच्च लोकलमधून प्रवासी रुळांवर कोसळले आणि काहींना प्राण गमवावे लागले, तेव्हा त्या प्रार्थनेचा अर्थ पुन्हा एकदा साऱ्यांना कळला. अपघातग्रस्ताला रक्त द्यावयाचे झाल्यास पहिला प्रश्न असतो रक्तगटाचा. ए, बी, एबी आणि ओ या चारांपैकी एक नाव मिळाले की उत्तर पूर्ण झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती समजूत अपुरी आहे, हे जगाला मुंबईनेही शिकविले, आणि त्यातही निमित्त झाले ते रेल्वेच्या एका अपघाताचे.

१९५२ सालची ही गोष्ट. परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे दोन रुग्णांच्या रक्ताचे कोडे उभे राहिले. एक रेल्वे अपघातात जखमी झालेला, दुसरा भोसकला गेलेला. नेहमीच्या तपासणीत दोघांचेही रक्त ‘ओ’ गटाचे वाटत होते. परंतु ओ गटाच्या दात्यांचे रक्त त्यांच्या रक्ताशी जुळेना. मिसळताच गुठळ्या होत. एखाद्याने ‘नमुना खराब असेल’ असा शेरा मारून प्रकरण मिटविले असते. भेंडे यांनी तसे केले नाही. हिशेब जुळत नसेल तर चूक आकड्यांची नसून गृहीतकाची असू शकते, ही शक्यता त्यांनी सोडली नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या नामवंत संशोधकांच्या सहकार्याने त्यांनी या रक्ताचा अभ्यास केला आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हाच पुढे जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या गटाचे रहस्य समजण्यास फारसे अवघड नाही. लाल पेशीवर ‘एच’ नावाचा एक मूळ घटक असतो. ए आणि बी हे घटक त्याच पायावर उभे राहतात. ओ गटात केवळ पाया असतो, वर काही बांधलेले नसते. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत मात्र पायाच नसतो. त्यामुळे ए किंवा बीचे जनुक आईवडिलांकडून मिळालेले असले तरी ते प्रकट होऊ शकत नाही, आणि साध्या चाचणीत ती व्यक्ती ‘ओ’ ठरते. १९५५ साली अमेरिकेतील फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाच्या अभ्यासातून बी जनुक असे दडून राहू शकते हे दाखवून दिले. अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात एच घटकाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणून तिला ओ गटाचेही रक्त चालत नाही, केवळ बॉम्बे गटाचेच चालते. भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मुंबईत हे प्रमाण सुमारे ७,६०० व्यक्तींमागे १ एवढे आहे.

मात्र या शोधाचा खरा धडा एका दुर्मीळ गटापुरता नाही. हा घटक नसलेले जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही आले तरच अपत्य बॉम्बे गटाचे होते. दोघे स्वतः निरोगी, दोघांच्या अहवालात काहीही वेगळे नाही, तरी दोघांच्या पदरी एकेक दडलेले जनुक असते. म्हणूनच एका व्यक्तीत हा गट आढळला की तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम केली जाते. रुग्ण एक असला तरी तपासणी कुटुंबाची करावी लागते, हे सूत्र येथे दिसते. भेंडे हे संशोधक होते तसेच शिक्षकही होते. विकृतिशास्त्रावरील त्यांचे सहलिखित पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासले. प्रयोगशाळेत जे उमगते ते वर्गात आणि पुढे गल्लीतल्या दवाखान्यात पोहोचले, तरच त्या ज्ञानाचा सामान्य माणसाला उपयोग होतो.

दिव्याच्या पूर्व भागातील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी हे ज्ञान असेच पोहोचले. मुलगी चोवीस वर्षांची, वाणिज्य शाखेची पदवीधर. हिमोग्लोबिन कायम साडेदहाच्या आसपास. शाळेपासून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. घरच्यांनी गूळ, खजूर, पालेभाज्या असे सर्व उपाय केले. आकडा मात्र हलला नाही. अशक्तपणा हा मुलींच्या वाट्याचाच, असे मानून घर गप्प बसले होते. वृद्ध कुटुंब डॉक्टरांनी एकदा जुने अहवाल एकत्र मागविले आणि कागदावर एक साधा भागाकार केला. पेशीचे सरासरी आकारमान ६३, लाल पेशींची संख्या ५.६ दशलक्ष, भागाकार ११.२५. तो १३ पेक्षा कमी असेल तर लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यावी, असा एक ठोकताळा आहे. हा निर्णय नव्हे, केवळ इशारा. निर्णय हिमोग्लोबिनच्या ‘ए२’ या प्रकाराच्या मोजणीने होतो. ती मोजणी ५.१ टक्के आली. साडेतीन टक्क्यांपर्यंतचे प्रमाण सामान्य मानतात. मुलगी बीटा थॅलेसेमियाची वाहक ठरली. नंतर वडिलांची तपासणी झाली. वारसा त्यांच्याकडूनच आलेला होता. आजवर त्यांना एका दिवसाचाही आजार नव्हता.

त्याच सुमारास मुलीच्या स्थळाच्या बोलण्यांना प्रारंभ झाला होता. थोरल्या काकांनी स्पष्ट सांगितले, “ही गोष्ट चार भिंतींत राहू द्या. बाहेर कळली तर पोरीचे लग्न होणार नाही.” वडील मात्र अस्वस्थ होते. चाळीस वर्षे त्यांनी दुकान चालविले. डाळीत खडे असतील तर गिऱ्हाइकाला आधी सांगायचे, ही घराची शिकवण. ते डॉक्टरांकडे जाऊन म्हणाले, “डॉक्टर, दोष लपवून व्यवहार करणे मला जमणार नाही.” डॉक्टरांनी त्यांना थांबविले. “शेठ, तुमची उपमाच चुकली. मुलगी म्हणजे माल नव्हे आणि हा दोषही नव्हे. ही केवळ नोंद आहे. तिला आजार नाही, कधी होणारही नाही. प्रश्न आहे तो समोरच्याच्या वहीत हीच नोंद आहे की नाही, एवढाच. म्हणून सांगायचे, आणि त्यांनाही तपासणी करून घ्यायला सांगायचे.”

वडिलांनी तसेच केले. पहिल्या घराने निरोप घेतला तो कायमचाच. पुन्हा फोन आला नाही. त्या दिवसांत मुलीच्या आईला झोप लागेना आणि काकांचा सल्ला खरा ठरतो की काय, अशी धास्ती घरात होती. दुसऱ्या घरी, कल्याणला, मुलाच्या आईने आधी कपाळाला आठ्या घातल्या, “आमच्या मुलाला काय झालंय?” असा तिचा प्रश्न होता. मुलाने स्वतःच रक्त दिले. अहवालात काही निघाले नाही. लग्न झाले.

या तपासणीमागचे गणित व्यापारी घरांना सहज पटावे असे आहे. पती-पत्नींपैकी एकच वाहक असेल तर कोणत्याही अपत्यास थॅलेसेमिया मेजर होत नाही. वाहक होण्याची शक्यता मात्र निम्मी राहते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारात एक अशी शक्यता असते की बाळ मेजर होईल. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही; प्रत्येक वेळी गणित नव्याने मांडले जाते. मेजर असलेल्या बाळाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि साठणारे लोह शरीराबाहेर काढण्याचे औषधही सतत घ्यावे लागते. भारतात वाहकांचे सरासरी प्रमाण ३ ते ४ टक्के मानले जाते. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत ते अधिक आहे. ठरावीक घराण्यांतच सोयरीक जुळविण्याची प्रथा जेथे आहे, तेथे तेच जनुक दोन्ही बाजूंनी भेटण्याची शक्यता वाढते. व्यापारी समाजांनी हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

तपासणी लग्नानंतरही करता येते, गर्भावस्थेतही निदान होते. परंतु तोवर उशीर झालेला असतो. गर्भ राहिल्यानंतर जो निर्णय समोर उभा राहतो, तो अहिंसा ज्यांच्या आचरणाचा गाभा आहे अशा कुटुंबांना किती जड जाईल, हे सांगावयास नको. लग्नाआधी कळले तर त्या वळणावर येण्याचा प्रसंगच टाळता येतो. म्हणून ही तपासणी मुलीच्या माथी मारू नये. वर आणि वधू दोघांनी, आणि शक्यतो स्थळे पाहण्याच्या आधी, करून घ्यावी. परिचय मेळाव्यांच्या संयोजकांनी मेळाव्याच्या दिवशी रक्त तपासणीची सोय केली, तर ‘आधी कोणी विचारायचे’ हा संकोचच उरणार नाही.

जन्मपत्रिकेतील गुण जुळविण्यास घरातील वडीलधारी मंडळी तासन्‌तास बसतात. रक्तातील दोन नोंदी जुळवून पाहण्यास मात्र एक नळी रक्त पुरते. १९५२ साली परळमध्ये काही माणसांनी न जुळणाऱ्या रक्ताला बाजूला सारले नाही, म्हणून कितीतरी जीव पुढे वाचले. दिव्याच्या दवाखान्यात एका वृद्ध डॉक्टरांनी न हलणाऱ्या आकड्याला बाजूला सारले नाही, म्हणून एका घराला आपल्या वहीतील नोंद वेळेवर वाचता आली. वारशात मिळालेली प्रत्येक गोष्ट तिजोरीत मावत नाही. काही रक्तात असतात, आणि त्यांचा ताळमेळही वेळेवरच घ्यावा लागतो.