सुटा आकडा

भाडे = २६ + १७.१४ × किलोमीटर.

फळ्यावर हे समीकरण लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि माझं ठरलेलं वाक्य टाकलं, "रिक्षात पाय ठेवला की २६ रुपये, हा इंटरसेप्ट. पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे, हा स्लोप. संपलं. सरळ रेषा म्हणजे एवढंच."

भांडुपला मी अकरावीचे गणिताचे क्लास घेतो. रिक्षाचं हे उदाहरण माझं लाडकं. भाडं २१ होतं तेव्हा २१ लिहायचो, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ झालं तेव्हा २३, आणि फेब्रुवारी २०२५ पासून २६. आकडे बदलले, वाक्य तेच राहिलं. एका निरोप समारंभात मुलांनी माझी नक्कल केली होती, त्यातही "पाय ठेवला की" होतंच. मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्या दिवशी पाच किलोमीटरचं भाडं काढायला सांगितलं. पोरांनी भराभर गुणाकार केला. १११ रुपये ७० पैसे. मी मान डोलावली. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात फार तर तीनदा बोलली असेल, म्हणाली, "सर, पाच किलोमीटरचे ८६ होतात."

"कुठून काढलेस?"

"माझे पप्पा रिक्षा चालवतात. त्यांच्या कार्डावर आहे."

कोणीतरी खुसखुसलं. यानंतर मी जे बोललो ते लिहायला हात जड होतोय, पण अनुभव सांगायचा तर हा भाग गाळून चालणार नाही. मी म्हणालो, "मीटरचं वेगळं, गणिताचं वेगळं. परीक्षेला पप्पा येणार नाहीत." वर्ग हसला. ती वहीत बघत राहिली. मी पुढचं उदाहरण घेतलं.

रात्री स्टेशनवरून घरी यायला रिक्षा केली आणि पहिल्यांदाच मीटरकडे नीट बघितलं. रिक्षा चालू लागली, वळली, सिग्नल ओलांडला. आकडा २६ वर मख्ख बसलेला. माझ्या समीकरणाप्रमाणे अर्ध्या किलोमीटरलाच तो ३४ च्या पुढे जायला हवा होता. तो हलला दीड किलोमीटर झाल्यावर, आणि मग टप्प्याटप्प्याने चढत गेला. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. "पहिल्या दीड किलोमीटरला २६" हे मुंबईत कोणालाही विचारा. मीही तसंच म्हणतो. फक्त फळ्यापुढे उभा राहिलो की ते "दीड किलोमीटरला" माझ्या तोंडून गळून पडायचं. इतकी वर्षं रिक्षाने फिरलो, दर वेळी मोजून पैसे दिले, तरी पाच किलोमीटरला १११ रुपये हा आकडा मला एकदाही खटकला नाही. चाळीस पोरांमध्ये तो खटकला फक्त तिला, कारण तिच्या घरात त्या पैशांचा हिशेब होतो.

घरी येऊन आलेख कागद काढला. आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्यावर रुपये. शून्यापासून दीडपर्यंत २६ च्या उंचीवर सपाट रेघ. तिथून चढ सुरू. पाच किलोमीटरला काय होतं? दीड वजा केले, साडेतीन उरले. साडेतीन गुणिले १७.१४ म्हणजे ५९.९९. त्यात २६ मिळवले. ८५.९९. कार्डावर ८६.

मग पट्टी लावून ती तिरकी रेघ मागे, शून्याकडे तुटक ओढत नेली. इंटरसेप्ट म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते ती जागा, एक्स शून्य असताना वायची किंमत. माझ्या हिशेबाने ती २६ ला भेटायला हवी होती. पेन्सिल घसरत घसरत थेट कोपऱ्यात गेली. आकड्यात काढून बघितलं: दीड गुणिले १७.१४ म्हणजे २५.७१. ते २६ मधून गेले, उरले २९ पैसे.

एकोणतीस पैसे! तेही रुपयात पूर्णांक करण्यामुळे उरलेले. २३ रुपयांच्या काळात दर १५.३३ होता, तिथे अर्धा पैसा उरतो. २१ च्या काळात दर १४.२० होता, तिथे तर उणे ३० पैसे येतात. थोडक्यात, मी ज्याला वर्षानुवर्षं इंटरसेप्टचं आदर्श उदाहरण म्हणून मिरवत होतो, त्या रेषेला नाव घेण्यासारखा इंटरसेप्टच नाही. पाय ठेवण्याचे वेगळे पैसे कोणी घेत नाही. २६ रुपये हे पहिल्या दीड किलोमीटरचंच भाडं आहे, त्याच दराने काढलेलं. अर्धा किलोमीटर जाऊन उतरलात तर तेवढेच द्यावे लागतात, एवढंच. मी पहिला दीड किलोमीटर दोनदा मोजत होतो.

चूक इतकी जुनी कशी, याचा शोध घेताना मी स्वतःच्या अकरावीपर्यंत मागे गेलो. आम्हाला शिकवलेलं एक चुटकुलं होतं: एक्सला चिकटलेला तो एम, सुटा आकडा तो सी. वाय बरोबर एमएक्स अधिक सी, यात ते चालतं. चाचणीत आलं ३एक्स + २वाय = १२. मी लिहिलं, चढ ३, इंटरसेप्ट १२. शून्य गुण. सरांनी सांगितलं, "आधी वायला एकटा कर." केला: वाय = ६ − १.५एक्स. चढ उणे दीड, इंटरसेप्ट ६. पुढे असली गणितं कधी चुकली नाहीत. पण वायला एकटा का करायचा, हे मी विचारलं नाही. एक्सच्या जागी शून्य ठेवलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं की १२ तिथे नाहीतच. मी आकड्यांचे पत्ते पाठ केले, त्या घरात कोण राहतं ते बघितलं नाही. फळ्यावरचे २६ सुटे दिसले, म्हणून ते सी.

चढाचीही माझी अशीच गंमत. लहानपणी पुण्याला जाताना वडील खंडाळ्याच्या घाटात सांगायचे, "इथे चढ सदतीसास एक. म्हणून कर्जतला मागे जादा इंजिनं जोडतात." नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचा चढ विसास एक. मी मामेभावाशी पैज लावली की घाट जास्त उभा, कारण ३७ हा २० पेक्षा मोठा. ३७ पावलं चालल्यावर एक पाऊल वर आणि २० पावलांतच एक पाऊल वर, हे चित्र डोळ्यांपुढे आणायचं सोडून मी मोठा आकडा उचलला. पैज हरलो, एक रुपया गेला. आज माझी पोरं एक्समधला फरक वर आणि वायमधला खाली लिहितात तेव्हा मी लाल पेनाने मोठी फुली मारतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकायचं ठरवून गेलो. तरी पहिलं वाक्य निघालं ते असं: "काल आपण वेटिंगचे पैसे धरले नव्हते..." नको तिथे शेपूट घालायची सवय. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी थांबलो, खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "वेटिंगचा काही संबंध नाही. माझं समीकरण चुकलं होतं, तुझं उत्तर बरोबर होतं. आणि काल मी बोललो तेही चुकलं." ती "हो सर" एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, ती हसेल. हसली नाही.

मग खऱ्या इंटरसेप्टसाठी सगळ्यांना घरची विजेची बिलं आणायला सांगितली. त्यात 'स्थिर आकार' असतो. गावाला जा, घराला कुलूप लावा, शून्य युनिट जाळा, तो भरावाच लागतो. हा खरा सी. बिलं पसरून बसलो तेव्हा माझी आणखी एक चूक निघाली, ही घरातली. शंभर युनिटच्या वर दर वाढतो, म्हणून महिनाअखेर मी बायकोच्या मागे लागायचो की १०१वं युनिट पडलं तर सगळ्याच युनिटांना वरचा दर लागेल. गीझर बंद, इस्त्री बंद. बिलात स्वच्छ मांडलेलं असतं: पहिल्या शंभरांना पहिला दर, वरच्यांनाच पुढचा. रेषा शंभरावर उडी मारत नाही, फक्त जास्त उभी होते. हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मी तुम्हाला चार वर्षं हेच सांगतेय."

आठवड्याने त्या मुलीने पप्पांचं जुनं दरपत्रक आणून दिलं, कडांना काळं पडलेलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. ते फळ्याशेजारी चिकटवलं. त्यावर रात्रीच्या भाड्याचा रकाना होता, बारा ते पाच, सव्वापट. ती म्हणाली, "सर, मग रात्री ही रेषा वर सरकते की जास्त उभी होते?"

"वर सरकते," हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. भाडं वाढलं म्हणजे रेषा वर. ओठ मिटले आणि आलेख कागद वाटले. दहा मिनिटांनी तिने कागद पुढे केला. किलोमीटरला १७.१४ ची एक रेघ, २१.४३ ची दुसरी. दोन्ही तुटक होत कोपऱ्यातल्या एकाच ठिकाणी शिरलेल्या, कात्रीच्या पात्यांसारख्या उघडलेल्या.

"सरकत नाही," ती म्हणाली. "इथून फिरते."