एका सुरावरचे गाणे

मुलाने बीटल्सचे 'टुमॉरो नेव्हर नोज' लावले, तेव्हा आम्ही "बंद कर तो गोंगाट!" म्हणून ओरडलो. तो म्हणाला, "बाबा, तंबोरा ऐका." खरेच, तंबोरा होता! १९६६ सालचे हे गाणे जवळजवळ एकाच सुरावर उभे आहे. ड्रमचा ठेका बदलत नाही. वरून टेपचे चित्रविचित्र आवाज फिरतात. सूर हलत नाही, तसे मनही थांबवा, हाच अर्थ. जॉन लेननने तो तिबेटी बौद्ध ग्रंथावर बेतलेल्या एका अमेरिकी पुस्तकातून घेतला. पण त्या पुस्तकाची वाट नशेची. आम्ही म्हणालो, "बाळा, गाणे जरूर ऐक, पण पाचवे शील विसरू नकोस. मन जागे असेल तरच शांती." त्याने मान डोलावली. मग आम्हीच म्हणालो, "लाव पुन्हा."