आईची बाटली

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आमच्या आईने मात्र काटकसर आधीच, अन् तीही स्वतःच्या घशापासून सुरू केली होती. दिवसाकाठी तीन पेले! लघवीला जळजळ सुरू झाली, ताप चढला, तरी बाई बोलेना. शेवटी मी तिला नांदेडला माझ्याकडे आणले.

"बाटलीत धरायची? अन् परक्या पोराच्या हातात द्यायची?" तिने तोंडाला पदर लावला. पहिली धार सोडून मधली धरायची, हे सांगताना मीच घामाघूम झालो.

त्या पोराने पट्टी बुडवून रंग पाहिले, मग खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली. साखर नव्हती, पुवाच्या पेशी मात्र भरपूर.

डॉक्टरांनी औषध लिहिले आणि त्याच कागदामागे दोन मूत्रपिंडे काढली, त्यांतून निघालेल्या वीतभर लांब नळ्या, खाली मूत्राशय. "आजी, ही दोघं दिवसाला १८० लिटर गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर बाहेर, बाकी सारं परत रक्तात. पाणी वाचवायचं काम त्यांच्यावर सोडा. तुम्ही प्यायला नाहीत, तर जंतू वाहून जात नाहीत; तिथंच बिऱ्हाड थाटतात."

आईने चित्र बराच वेळ न्याहाळले. "एवढी काटकसर!" ती पुटपुटली, आणि टेबलावरचा पेला उचलून सावकाश रिकामा केला.