खाप्याचा माग आणि आपला गेम

नागपूरहून सावनेरच्या बाजूला निघालात, की ३५ एक किलोमीटरवर कन्हान नदीकाठी खापा लागतं. नगरपालिका १८६७ सालची! आसपास मँगनीजच्या खाणी आहेत, पण गावाची जुनी ओळख विणकरांची. हातमाग चालताना पाहिलाय का, मुलांनो? पाय पावड्यांवर, एका हाताने धोट्याची दोरी ओढायची, दुसऱ्याने फणीचा ठोका द्यायचा आणि नजर काठावर. धागा तुटला की तो तत्काळ दिसायला हवा.

व्हिडिओ गेममध्ये असंच हात आणि डोळ्यांचं काम असतं की! “पण मागातून कापड निघतं. तुझ्या गेममधून काय निघतं?” आई विचारणारच. प्रश्न रास्त आहे.

अमेरिकेत ग्रीन आणि बाव्हेलिए या संशोधकांनी काही जणांना १० दिवस धुमश्चक्रीचा गेम खेळायला दिला, दुसऱ्या गटाला टेट्रिस. २००३ साली निष्कर्ष छापून आला: एकदम अनेक गोष्टी टिपणारी नजर पहिल्या गटाची जास्त सुधारली. (रोज एकच तास हं!)

आणि कापडासारखं, दुसऱ्याच्या उपयोगी पडणारं काही? २००८ साली ‘फोल्डिट’ नावाचा गेम आला. त्यात प्रथिनाच्या साखळीला योग्य घड्या घालायच्या. माकडांच्या एका विषाणूतल्या प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ सुटत नव्हती. खेळाडूंनी तिचा नमुना तीन आठवड्यांत जुळवला. कापडावर विणकराचं नाव नसतं. इथे मात्र २०११ च्या शोधनिबंधावर खेळाडूंच्या गटांची नावं लेखक म्हणून छापली गेली.