उंदरांना कोणी विचारत नाही

‘एक अनेक और एकता’ हा १९७४ सालचा अ‍ॅनिमेशनपट जेमतेम सात मिनिटांचा आहे, आणि त्यातली अर्धी गोष्ट आपण विसरलो आहोत हे मला अजून खुपतं. विषय निघाला की सगळे एकाच जागी येऊन थांबतात. चिमण्या जाळ्यात सापडल्या, त्यांनी एकदम जोर लावला, जाळ्यासकट उडाल्या, एकीचं बळ सिद्ध झालं. पण उडाल्या तरी अंगावरचं जाळं काही सुटलेलं नसतं. आकाशात पोचलेल्या त्या चिमण्या कैदीच असतात, फक्त शिकाऱ्यापासून लांब गेलेल्या. त्यांना खरं सोडवतात ते उंदीर, तेही दातांनी कुरतडून. भाषणांत आणि दूरदर्शनच्या गोड आठवणींत चिमण्या तेवढ्या उरल्या. उंदरांचं नाव कोणी काढत नाही.

यावर कोणी म्हणेल, लहान मुलांच्या चित्रपटातून एवढं कशाला काढायचं? मला वाटतं, काढायलाच हवं, कारण ते मुळात आहेच. ही कथा ‘पंचतंत्रा’तली, आणि ती येते ‘मित्रसंप्राप्ती’ या दुसऱ्या तंत्राच्या आरंभी. त्या तंत्राचा विषयच मुळी मैत्री हा आहे, तीही कावळा, उंदीर, कासव आणि हरिण अशा एकमेकांशी काडीचं साम्य नसलेल्यांची. चित्रपटानंही तोच धागा धरला आहे. मोठी बहीण भावंडांना गोष्ट सांगते, तेव्हा एकीनं उंच झाडावरचे आंबेही काढता येतील का, असा प्रश्न मुलांना पडतो. येतील, पण युक्ती लागेल. मग एकावर एक चढून आंबा काढला जातो. खांद्यावर घेणारा आणि आंब्यापर्यंत हात पोचवणारा एकच काम करत नसतात. सगळ्यांनी सारखं होणं म्हणजे एकी, असं हा चित्रपट कुठंही म्हणत नाही, आणि आपण त्याच्या नावावर नेमकं तेच खपवत आलो आहोत.

मुंबईतल्या मढसारख्या कोळी गावात बसून विचार केला की आणखी एक आक्षेप सुचतो, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. जाळं हे इथल्या कोळीवाड्याचं पोट आहे. जाळं टाकणारा दुष्ट आणि ते कुरतडणारा शहाणा, ही वाटणी इथल्या मुलानं मुकाट्यानं का मानावी? फाटलेलं जाळं दुरुस्त करायला कष्ट आणि पैसा दोन्ही लागतात. आक्षेप खरा आहे, गोष्ट शिकाऱ्याच्या घरात डोकावत नाही. पण चित्रपटाचं म्हणणं त्यानं खोटं पडत नाही, उलट पक्कं होतं. बोंबलाची डोल जाळी समुद्रात लावायची आणि भरतीओहोटी सांभाळून उपसायची तर तांडेलाचं काम वेगळं, खलाशाचं वेगळं, आणि किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या, विकणाऱ्या बायांचं वेगळं.

कामाची हीच वाटणी ज्यांनी चित्रपट केला त्यांच्यातही दिसते. दिग्दर्शिका विजया मुळे मुंबईत जन्मल्या, पाटण्यात आणि दिल्लीत फिल्म सोसायटीची चळवळ उभी करण्यात त्यांचा वाटा होता, आणि सत्यजित राय अध्यक्ष असलेल्या फिल्म सोसायट्यांच्या महासंघात त्यांनी पद सांभाळलं. चित्रं भीमसैन यांची. त्यांचा जन्म मुलतानचा, आणि अ‍ॅनिमेशन शिकले ते सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतल्या कार्टून विभागात. त्या विभागाची घडी १९५६ साली डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांनी बसवली होती. गीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे विनयचंद्र मौद्गल्य यांचं, संगीत सिंधुदुर्गातल्या वसंत देसाईंचं, आणि आवाज दाभोळला जन्मलेल्या बालवयातल्या साधना सरगम यांचा. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढं सगळं असून लोकांच्या तोंडी नाव काय, तर ‘दूरदर्शनचं ते चिमण्यांचं गाणं’. प्रसारण करणाऱ्याच्या नावावर कलाकृती चढवायची ही आपली जुनी खोड. विजया मुळे २०१९ साली ९८ व्या वर्षी गेल्या, तोवर किती मराठी घरांना ठाऊक होतं की गाण्यातली ताई ज्यांनी घडवली त्या बाई मराठी आहेत?

हे लिहिताना मीच अडचणीत येतो. अनेकांच्या हातून झालेली गोष्ट सांगायची आणि शेवटी ‘आपल्या मराठी बाई’ म्हणून मिरवायचं, हे काही बरं नव्हे. शिवाय हा सरकारी चित्रपट, शेवटी देशाच्या एकतेचं गाणं गाणारा. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि एकतेच्या नावाखाली माणसांची तोंडं बंद झाली. तेव्हा हे गाणं राज्यकर्त्यांना सोयीचंच होतं, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. सोयीची होती ती चिमण्यांची गोष्ट. उंदरांची नव्हती, कारण बाहेरचा कोणी येऊन जाळं कुरतडतो हे कुठल्याच सत्तेला रुचत नाही. कदाचित म्हणूनच ती गळाली असेल, कदाचित नुसती चाल गोड म्हणूनही असेल. शाळेत हा चित्रपट दाखवणाऱ्या शिक्षकांनी मात्र चिमण्या उडाल्यावर टाळ्या वाजवून घेऊ नयेत. जाळं कोणी कापलं, आणि ज्यानं कापलं त्याला चिमण्यांनी पुढं कधी बोलावलं का, हे मुलांना विचारावं. आणि श्रेयनामावली येईपर्यंत पडदा बंद करू नये.