चौदा तारखेचे दुसरे दोघे

१४ फेब्रुवारीला मौद्यात गुलाब महाग होतो, आणि जोडीने फिरणारी पोरं-पोरी दर चार पावलांनी मागे वळून बघतात. ज्याच्या नावाने हे चालतं, तो संत व्हॅलेंटाइन तिसऱ्या शतकातला रोमचा हुतात्मा. फ्लामिनिया रस्त्यालगत त्याला पुरलं, यापलीकडे त्याच्याबद्दल खात्रीचं फार थोडं सांगता येतं. त्याच्या दिवसाला प्रेमाचा रंग चढला तो १४व्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काळात. १९६९ साली कॅथलिक चर्चने आपली दिनदर्शिका आवरली, तेव्हा त्याचं नाव हुतात्म्यांच्या यादीत राहिलं, पण सार्वत्रिक सणांतून निघालं. आता १४ तारीख आहे सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांची.

मला ही जोडी जास्त जवळची वाटते.

भाऊ थेस्सलोनिकीचे, ग्रीक शिकलेले. ८६३च्या सुमारास ते मोराव्हियात धर्म शिकवायला गेले. तिथल्या स्लाव लोकांच्या बोलीला लिपीच नव्हती. सिरिलने ती घडवली आणि भावांनी प्रार्थना त्या बोलीत आणल्या. व्हेनिसमध्ये पाद्र्यांनी त्याला घेरलं. देवाच्या भाषा तीनच, हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन, असं त्यांचं म्हणणं. ऊन-पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो ना, असं त्याने विचारलं. १४ फेब्रुवारी ८६९ला तो रोममध्ये वारला. मेथोडियस ८८५ साली गेला आणि त्यांच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकललं. ते बल्गेरियात पोचले. तिथे पुढे जी लिपी तयार झाली, तिला सिरिलचं नाव मिळालं.

हे भांडण आपल्याकडेही झालंय. आमच्या शेजारचा तालुका रामटेक. १३व्या शतकात चक्रधरस्वामी गुजरातेतून रामटेकच्या यात्रेला निघाले आणि वाटेत रिद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले, असं महानुभाव परंपरा सांगते. स्वामी मराठीत बोलले. पुढे केसोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण साधं होतं: आमच्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही.

तेव्हा संस्कृतापुढे मराठी उभी होती. आज मराठीच्या आतच ओळ लागलीय. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत मी ‘मले’ म्हटलं की कोणीतरी तोच शब्द माझ्यासारखा म्हणून दाखवायचं. सगळे हसायचे, चांगल्या मनाने. हळूहळू माणूस बोलण्याआधी वाक्य मनात तपासायला लागतो. आणि तपासून बोललेल्या वाक्यात राग येत नाही, लाड येत नाहीत, कोणाची आठवण तर नाहीच येत.

लिपी देणं म्हणजे मला वाटतं एवढंच: तू बोलतोस तसंच लिही, ते चालेल, असं कोणीतरी सांगणं. तेही प्रेमच की.

परवा आजीला मेसेज लिहिला, ‘मले तुयी याद येते.’ फोनने दोन शब्दांखाली लाल रेघ मारली. मी तसाच पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘मंग ये ना.’